गावफेरी कशी करावी: सुरुवात पाणवठ्यापासून

पुण्याहून सकाळी निघायचं, एखादं गाव पायी पाहायचं, तिथला इतिहास आणि माणसांच्या आठवणी ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढाच हा उद्योग. यात ट्रेकसारखा दम लागत नाही आणि सोबत गाईडही नसतो. नवखे लोक मात्र एक चूक हमखास करतात. गावात शिरल्या शिरल्या "इथला इतिहास काय?" असं विचारतात. समोरचा माणूस मग महाराज इथून कसे गेले ते सांगतो, देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतो, आणि दहा मिनिटांत विषय संपतो. त्याच माणसाला पाणी कुठून भरायचे, कोण कुठे भरायचं आणि कुणाला भरू देत नसत, हे विचारा. दोन तास बोलेल. खालची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

गाव कोणतं घ्यावं

पहिल्या फेरीला तीर्थक्षेत्र नको. जेजुरी, थेऊर, रांजणगाव इथे येणारा प्रत्येक जण देवाला आलेला असतो, आणि गावकऱ्यालाही आपल्याकडून तेवढीच अपेक्षा असते. हजार ते तीन हजार वस्तीचं गाव बरं, कारण त्याचं जुनं गावठाण अर्ध्या-पाऊण तासात पायाखालून जातं.

सुरुवातीला थोडा आधार हवा असेल तर खेड तालुक्यातलं वाफगाव घ्या. यशवंतराव होळकरांचा जन्म तिथला, १७७६चा, आणि होळकरांचा किल्लेवजा वाडा अजून उभा आहे. बारामती तालुक्यात लोणी भापकर आहे. तिथली पुष्करणी (पायऱ्यांचं दगडी कुंड) आणि तिच्याजवळचा यज्ञवराह (विष्णूच्या वराह अवताराची मूर्ती) पाहायला निवांत वेळ ठेवा. शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. सुपे वस्तीने मोठं आहे, पण मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली ती सुप्याच्या बाजारात, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला जरूर ठेवा.

खेड, जुन्नर, शिरूर बाजूची एसटी वाकडेवाडीहून सुटते. पुरंदर, भोर आणि बारामतीकडची स्वारगेटहून. आतल्या गावांना दिवसात मोजक्याच गाड्या असतात. म्हणून परतीची गाडी आधी विचारा आणि मगच फेरीची वेळ ठरवा. उलट केलं तर शेवटचा तासभर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे लागलेलं असतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा चांगला. मार्च-एप्रिलमध्ये ऊन त्रास देतं, पण गवत वाळून खाली बसतं, बारवांचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचं, पाणी उतरतं आणि एरवी न दिसणारे दगड आणि पायऱ्या उघड्या पडतात. पावसाळ्यात फोटो छान येतात, फेरी होत नाही. यात्रेचा दिवसही टाळा. त्या दिवशी घराघरात पाहुणे असतात, बोलायला कुणालाच सवड नसते.

घरी बसून करायची तयारी

ही पायरी वगळली तर गावात नुसतं हिंडणं होतं. तीन कागद पुरे.

पहिला, भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. ओढे, जुन्या पायवाटा आणि वाड्यावस्त्यांची नावं त्यात मिळतात.

दुसरा, महसूल खात्याचा गावनकाशा. तो महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो. गावठाण, ओढा, गाडीवाट, गायरान आणि शिवेवरची गावं यांवर पेन्सिलीने खुणा करून घ्या. एक घोळ लक्षात ठेवा: ज्या गावांत जमिनीचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हातारी माणसं अजून जुन्या नंबराने बोलतात आणि तुमच्या हातातल्या नकाशावर नवे असतात. नंबर जुळवत बसू नका, शेताचं नाव विचारा.

कारण खरा माल नावांत आहे. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. बऱ्याच उताऱ्यांत तो कोरा सापडेल, पण भरलेला असेल तर सोनं. गुरवकी, न्हावकी, जोशीमळा, मुलाणकी अशी नावं म्हणजे त्या त्या बलुतेदाराला चाकरीबद्दल मिळालेली इनाम जमीन. हाडकी किंवा हाडोळा म्हणजे महार वतनाची जमीन. वतनं कायद्याने गेली, पाटीलकी १९६२च्या आणि महार वतनासारखी कनिष्ठ वतनं १९५८च्या, पण शेतांना चिकटलेली नावं तशीच राहिली. आज ती जमीन कुणाकडे आहे आणि कशी गेली, हा गावातला सगळ्यात बोलका प्रश्न. तो पहिल्या भेटीत मात्र विचारायचा नाही. का, ते पुढे येईल.

तिसरा कागद १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरचा. त्यात मोठ्या गावांवर स्वतंत्र टिपणं आहेत: बाजार कोणत्या वारी, वस्ती किती, देवळं कोणती. छोट्या गावाचं नाव नसलं तरी शेजारच्या बाजारगावाचं टिपण वाचा.

मग गावात फोन. सरपंच, पोलीस पाटील किंवा शाळेचे शिक्षक, कुणीही एक चालेल, पण माणूस ओळखीतून गाठलेला असावा. हा शिष्टाचाराचा भाग आहेच, शिवाय पुणे जिल्ह्यात याला वेगळं कारण आहे. हातात नकाशा घेऊन शिवारात फिरणारा अनोळखी माणूस इथे जमिनीचा एजंट तरी असतो नाहीतर मोजणीवाला. रिंग रोड आणि पुरंदरच्या विमानतळासाठीच्या भूसंपादनामुळे लोक वैतागलेले आहेत. वनपुरी, कुंभारवळण, पारगाव या भागात न सांगता नकाशा उघडलात तर तुम्हाला घेराव पडेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

गट सहा जणांचा, फार तर आठ. त्याहून जास्त झाले की ओसरीवर बसायला जागा होत नाही, माणसं उभी राहतात, आणि उभ्या माणसांपुढे आजी बोलत नाहीत.

सोबत वही, पेन्सिल (पेन उन्हात आणि धुळीत दगा देतं), १५ सेंटिमीटरची पट्टी, छोटी टॉर्च, टोपी आणि माणशी दोन लिटर पाणी. पाय झाकणारे बूट घाला.

पहिली पायरी: पाणी

साडेसात-आठला गावात पोहोचा आणि वेशीतून आत न जाता थेट ओढ्यावर किंवा नदीवर उतरा. तिथून गावाकडे पाहिलं की गाव इथेच का बसलं ते बहुतेक वेळा समजतं: ओढ्याचं वळण, काठावरची उंच जागा, पुराच्या रेषेच्या वर पहिली घरं.

आता काठाने चालत पाणवठे मोजा. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, त्याखाली धुणं, त्याखाली जनावरं, असा क्रम बहुतेक ठिकाणी सापडतो. दलित वस्ती अनेक गावांत सगळ्यात खालच्या अंगाला असते. गावाची सामाजिक उतरंड आणि पाण्याचा उतार एकच दिशा धरतात, हे नकाशावर काढून पाहा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. बोलताना नवीन नावच घ्या, भीमनगर असेल तर भीमनगर. जुनं नाव कागदात आलंच तर ते वहीत राहू द्या, तोंडात नको.

विहिरी पाहताना बांधणी बघा. मोटेची विहीर थारोळ्यावरून ओळखू येते. मोटेतलं पाणी पडायचं ते दगडी कुंड म्हणजे थारोळं. त्याच्यामागे बैल पुढे-मागे करायचे तो उतरता पट्टा म्हणजे धाव. थारोळ्याजवळ दगडी खांबांची एक जोडी असेल तर विहीर एक मोटेची, दोन असतील तर दुमोटी. सोलदोराने (मोटेच्या खालच्या दोराने) दगडावर पडलेले घळ बोटाला लागतात. जुन्या सातबाऱ्यांवर 'मोटस्थळ' हा शेरा असतो तो याच विहिरींच्या पाण्याचा. कोणत्या वर्षी मोट बंद पडून इंजिन आलं, ते विचारा. लोकांना हे लग्नाच्या तारखेइतकं पक्कं आठवतं.

बारवेत उतरायच्या आधी वर थांबून दोन गोष्टी तपासा. कमानीखाली किंवा कोनाड्यात आग्या मोहोळ आहे का? असेल तर उतरायचं नाही, ड्रोन उडवायचं नाही, अत्तर-स्प्रे लावून आलेल्याने लांब थांबायचं. आणि पाण्यालगतच्या तीन-चार पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे पाऊल टाकायचं नाही. बुजत आलेल्या आडात किंवा पेवात डोकावण्यासाठीही वाकू नका. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. त्यात खराब हवा साचते, आणि तोंडावरचा दगड कधी सरकेल सांगता येत नाही.

धरणात गेलेल्या गावांची फेरी करायची असेल तर हिशोब वेगळा. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक धावतात. गाळ वरून तडकलेला, कोरडा दिसतो, पण खाली गुडघाभर चिखल असतो. मासेमारी करणारा स्थानिक माणूस पुढे आणि आपण त्याच्या पावलांवर, नाहीतर काठावरून पाहा.

दुसरी पायरी: वेस आणि दगड

आता वेशीकडे. वेस पडलेली असली तरी वेशीचा मारुती जागेवर असतो, त्यावरून जुनी हद्द धरता येते. वेशीजवळ, देवळामागे, पाराच्या कट्ट्यात उलटेपालटे बसवलेले कोरीव दगड शोधा. बहुतेक नवख्यांना ते नुसते 'जुने दगड' वाटतात.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड. तो खालून वर पाहायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई असते, कधी घोडेस्वार, कधी पळवून नेली जाणारी गुरं. गुरं दिसली तर तो गाई सोडवताना पडलेला माणूस. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ही कीर्ती ते असेपर्यंत टिकेल. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात असतो, पंजा उघडा. गाढव आणि बाई कोरलेला दगड दिसला तर ती गधेगाळ: दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला दिलेली शिवी. गावकरी तो दाखवायला लाजतात, त्यांना बळजबरी नको.

हे दगड गावात भैरोबा, वेताळ किंवा नुसतं 'वीर' म्हणून पुजले जातात. शेंदराच्या पुटांखाली कोरीव काम गेलेलं असेल तर ते तसंच राहू द्या. तारेचा ब्रश, पाणी, खडू, पीठ, तेल यांतलं काहीही दगडाला लावू नका. अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू फासतात, आणि खडूबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात. उठाव हवा असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो घ्या. दुपारचं ऊन डोक्यावर असताना तोच दगड सपाट दिसतो. सावलीतल्या दगडावर एका बाजूने टॉर्च धरा. फोटोत पट्टी ठेवली नाही तर दगड दोन फुटांचा की पाच फुटांचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

शिलालेखात शके दिसलं तर त्यात ७८ मिळवा: शके १६९४ म्हणजे इसवी सन १७७२. पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन असेल तर ७९. फसली सन (जुनं महसुली वर्ष) असेल तर आपल्याकडे ५९० मिळवतात. पण तारीख लागली म्हणून देऊळ तेवढंच जुनं असं नाही. बऱ्याचदा लेख जीर्णोद्धाराचा, दीपमाळेचा किंवा नुसत्या पायरीचा असतो. तो कोणत्या दगडावर आहे ते आधी लिहा, साल नंतर. वाचता येत नसेल तर अंदाज न बांधता फोटो घेऊन भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा.

तिसरी पायरी: पार

नऊ ते अकरा ही पारावरची वेळ. त्याआधी माणसं धारा आणि डेअरीच्या गडबडीत असतात. शेतीपंपाला ज्या आठवड्यात रात्रीची वीज असते तेव्हा रात्रभर पाणी धरलेली माणसं सकाळी झोपलेली असतात. दार वाजवून त्यांना उठवू नका.

रामराम घाला. वारकरी दिसले तर रामकृष्ण हरी, विहारापाशी जय भीम. बाबा, नाना, अण्णा, आजी, मावशी जसं वय असेल तसं. 'सर' म्हटलंत की ते शिक्षक किंवा साहेब होतात आणि भाषण सुरू होतं.

साल विचारू नका, प्रसंगाला लटकवा. वहीच्या मागच्या पानावर ही उजळणी लिहून ठेवा: राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ (पुणे–नगर), कूळकायद्याचा कूळदिन (कुळं जमिनीची मालक झाली तो दिवस) १ एप्रिल १९५७, पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. दोन्ही भूकंप पहाटेचे, म्हणून लोकांची गल्लत होते. "थंडी होती की गणपती?" असं विचारायचं. थंडीतला कोयनेचा, विसर्जनाच्या रात्रीनंतरचा किल्लारीचा.

प्रश्न असे चालतात: "आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात?" "बहात्तरला त्या विहिरीला पाणी होतं?" "खडी फोडायला कुठे गेला होतात?" बहात्तरचा विषय निघाला की दुष्काळी कामं, सुकडी, मिलो ज्वारी, पाझर तलाव सगळं आपोआप येतं. गावचा पाझर तलाव किंवा आजचा डांबरी रस्ता बहुतेक वेळा त्याच कामांतला निघतो, आणि तो बांधणारे हात समोर बसलेले असतात.

पारावर फक्त पुरुष भेटतात. बायकांशी बोलायचं तर दुपारी जेवणं उरकल्यावर, ओसरीवर, आणि गटातल्या बायकांनीच पुढे व्हावं. जात्यावरच्या ओव्या कुणाला येतात का, ते विचारा. मुळशी-मावळ भागातून हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी हजारो ओव्या गोळा केल्या, पण ज्या वाडीत तुम्ही बसला आहात तिथली एखादी अजून कुणी लिहिली नसण्याची शक्यता भरपूर. "ओवी म्हणा" म्हटलं तर आठवत नाही. हातात सूप किंवा समोर जातं असलं की आठवते.

रेकॉर्डिंग करायचं तर विचारून, आणि फोन समोर दिसेल असा ठेवून. पिंपळाखाली रेकॉर्ड करू नका. पानांची सळसळ कानाला जाणवत नाही, पण घरी ऐकताना शब्दच कळत नाहीत. देवळाचा सभामंडपही घुमतो. मातीच्या भिंतींची ओसरी सगळ्यात चांगली.

दोन माणसं एकाच घटनेच्या दोन गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, कोण बोललं ते लिहा, तिथे निवाडा करू नका. भावकीतले जमिनीचे वाद, गांधीवधानंतरची १९४८ची जाळपोळ, वतनाच्या जमिनी कशा गेल्या, हे विषय पारावर काढायचे नाहीत. चारचौघांत माणूस एक तर खोटं बोलतो किंवा भांडतो. कुणी आपणहून, एकट्याने सांगितलं तर ऐका, आणि लिहू का म्हणून वेगळं विचारा.

चौथी पायरी: घरं, पांढर, शिवार

गावठाणात घरं पाहताना छपराच्या वयावरून घराचं वय ठरवू नका. मंगलोरी कौलं १८६५ नंतर निघाली आणि आपल्याकडच्या खेड्यांत बऱ्याच उशिरा पोहोचली. त्यांच्याखाली जुनं धाबं (मातीचं सपाट छप्पर) किंवा कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) असू शकतो. पडलेलं कौल उलटून पाहा, पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. घर किती खणांचं, भिंतीत बळद (धान्य साठवायची पोकळी) आहे का, दाराला आडणा (आडवा लाकडी अडसर) कुठून सरकतो, हे घरमालक हौसेने दाखवतात. आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि देवघराचा फोटो नाही.

गावठाणाची जमीन ती पांढरी, शेतीची ती काळी. शतकानुशतकं मातीच्या भिंती ढासळून, राख आणि शेण मुरून माती पांढरट होते आणि टेकाड चढतं. ओस गावाची पांढर शिवारात सापडली तर पायाखाली खापरं दिसतील. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावच्या पांढरीत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वसाहत निघाली. म्हणून खापर उचलून खिशात टाकू नका. जागेवर पट्टी ठेवून फोटो घ्या आणि ते तिथेच ठेवा. नाणी वगैरे सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

शिवारात दीड-दोन किलोमीटर पुरे, आणि माहीतगार माणूस बरोबर हवाच. त्याला चालता चालता प्रत्येक तुकड्याचं नाव विचारत जा आणि गावनकाशावर लिहा. बांधावरूनच चाला, उभ्या पिकातून नाही. दगडांच्या ढिगांवर हात टाकू नका, खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं.

परतल्यावर

त्याच रात्री टिपणं नीट लिहून काढा. दुसऱ्या दिवशी कोणती विहीर कोणाची ते मिसळतं. फोटोंच्या फाइलना तारीख, गाव, जागा अशी नावं द्या. माणसांची नावं त्यांनी हो म्हटलं तरच.

महिन्याभरात म्हाताऱ्या माणसांचे फोटो कागदावर छापून पाठवा. व्हॉट्सॲपवरचा फोटो नातवाच्या फोनमध्येच राहतो. नावं भरलेल्या गावनकाशाची एक प्रत शाळेत द्या, पण त्याआधी ज्यांनी नावं सांगितली त्यांच्याकडून वाचून घ्या. एक-दोन नावं तरी ऐकण्यात चुकलेली असतात, आणि एखादं नाव भावकीत वादाचं असेल तर ते तिथेच कळतं.